भिंत कुणाची? छापचित्र आणि सामाजिक टीका



मागच्या दोन व्याख्यानांत आम्ही सौंदर्य आणि नीती यांच्या नात्यावर बरंच तात्त्विक बोललो. त्यावर दोन-तीन निरोप आले की सर, आता हातात धरता येईल अशी एखादी वस्तू घ्या. म्हणून आज छापचित्र घेतलं आहे. कला महाविद्यालयांत ह्याला ‘ग्राफिक्स’ किंवा ‘प्रिंटमेकिंग’ म्हणतात, पुस्तकांत ‘मुद्राचित्रण’ म्हणतात. लाकडावर, लिनोवर, जस्ताच्या पत्र्यावर किंवा दगडावर ठसा तयार करायचा, शाई लावायची, कागद दाबायचा. ठसा एक, चित्रं अनेक. एवढं कळलं तरी आजच्यापुरतं पुरे.

चित्रं आज पडद्यावर दाखवणार नाही. ते मुद्दाम. पडद्यावर सगळी चित्रं एकाच भिंतीवर लावल्यासारखी दिसतात, आणि आम्हाला आज बोलायचं आहे ते भिंतीबद्दलच.

छापचित्राबद्दल एक समजूत फार पक्की आहे. रंगचित्र एकच असतं, म्हणून ते श्रीमंताच्या दिवाणखान्यात जातं. छापचित्राच्या शेकडो प्रती निघतात, त्या स्वस्त असतात, म्हणून हे माध्यम मुळातच लोकांचं, आणि म्हणून ते सामाजिक टीकेला जवळचं. आम्हीही वर्गात अनेक वर्षं हेच शिकवलं. वाल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंताचा १९३५-३६ मधला प्रसिद्ध निबंध हाताशी होताच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की यंत्राने प्रती काढता येऊ लागल्या, कलाकृतीभोवतीचं तेजोवलय विरलं, कला पूजाविधीतून सुटली आणि राजकारणाच्या कामाला आली.

आपल्याकडे काय झालं ते पाहा. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत, गिरगावात, शिळाछापाचा कारखाना काढला. पुढे तो मळवलीला गेला आणि नंतर तो विकत घेणाऱ्या जर्मन तंत्रज्ञाने तो चालवला. लक्ष्मी, सरस्वती, राम, कृष्ण यांची चित्रं घरोघर पोचली. प्रती निघाल्या, हजारोंनी निघाल्या, पण कला पूजाविधीतून सुटली का? उलट पूजाविधी जिथे पोचत नव्हता तिथेही पोचला. चित्राला कुंकू लागलं, हार पडला. ज्याला देवळाची पायरी चढू देत नव्हते त्यालाही रामाची तसबीर विकत घेता येत होती. त्याच रामाच्या दारात, नाशिकला काळारामासमोर, २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू करावा लागला. चित्र घरात आलं होतं. दार बंदच होतं. बेन्यामिनला हे माहीत असण्याचं कारण नाही, पण आम्ही त्याचा निबंध इथल्या मुलांना शिकवत होतो, आम्हाला तरी हे आधी सुचायला हवं होतं.

तेव्हा नुसत्या प्रती वाढल्याने टीका होत नाही. मग कशाने होते?

आपल्याच जिल्ह्यात या. नगर म्हटलं की जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं सांभाळली जातात, म्हणून आम्ही नगरच म्हणतो. १८४२ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने इथून ‘ज्ञानोदय’ सुरू केला. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा, त्यात लपवालपवी नव्हती. पण १८५५ मध्ये ह्याच पत्रात जोतीरावांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. शाळकरी मुलगी पेशवाईतल्या छळाबद्दल जाहीरपणे लिहिते आणि ते छापलं जातं! आम्ही तो निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा आमचं वय तिच्या चौपट होतं, आणि तत्त्वज्ञानातली पदवी खिशात होती. लाज वाटली होती, हे सांगायला हरकत नाही.

दुसरं उदाहरण नेवासे तालुक्यातल्या तरवडीचं. सत्यशोधक मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ चालवला, तो १९६७ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत. तुम्ही म्हणाल, सर, हे खिळ्यांच्या छपाईचं वृत्तपत्र, ह्यात चित्रकला कुठे आली? बरोबर आहे, नाही आली. तरीही आम्ही ते इथे आणतो, कारण खेड्यात बसून पत्र काढणं ह्याचा अर्थ नीट पाहायला हवा. पुण्या-मुंबईचा संपादक कुलकर्ण्यावर टीका करतो तेव्हा तो कुलकर्णी त्याच्यासाठी एक कल्पना असते. तरवडीच्या संपादकाला तो सकाळी पारावर भेटतो. ‘कुलकर्णी लीलामृत’ नावाची पोथी मुकुंदरावांनी लिहिली. पोथीचाच घाट, पण नायक गावचा कुलकर्णी. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनाही पोथी ऐकायची सवय होती. टीका कानाने पोचली. आणि लिहिणारा, छापणारा माणूस गाव सोडून कुठे जाणार नव्हता. त्याचं घर तिथेच, जमीन तिथेच, भांडण तिथेच. मुकुंदराव पाटीलच होते, त्यांना घर-जमिनीचा आधार होता, हेही विसरू नये. तो आधार नसलेल्या माणसाकडे आम्ही पुढे येणार आहोत.

आता चित्रांकडे, आणि पुन्हा नगरहूनच. ऑगस्ट १९४२ नंतर काँग्रेसचे नेते आपल्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. नेहरूंनी १९४४ मध्ये इथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. त्याच्या पहिल्याच प्रकरणाला अहमदनगरच्या किल्ल्याचं नाव आहे आणि त्यात बंगालच्या दुष्काळावर मजकूर आहे. किल्ल्यातला कैदी तो दुष्काळ दुरून समजून घेत होता. त्याच दुष्काळात, नोव्हेंबर १९४३ मध्ये, चित्तप्रसाद नावाचा अठ्ठावीस वर्षांचा चित्रकार मेदिनीपूर जिल्ह्यात पायी हिंडत होता. भट्टाचार्य हे आडनाव त्याने टाकलेलं, जानवंही टाकलेलं. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. माणसं पाहायची, त्यांना नाव-गाव विचारायचं आणि काळ्या शाईने काढायचं. त्यातून ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका निघाली. सरकारने तिच्या सुमारे ५००० प्रती जप्त करून जाळल्या. कुटुंबाकडे एक प्रत राहिली, तीवरून पुढे फार वर्षांनी पुन्हा छपाई झाली.

पाच हजारांतली एक उरते आणि तिच्यातून पुन्हा सगळं उभं राहतं. अनेक प्रतींचा हा एक फायदा आम्ही विनातक्रार मान्य करतो. सत्तेला एक चित्र जाळणं सोपं असतं, सगळ्या प्रती जाळणं अवघड.

चित्तप्रसाद पुढे मुंबईला आला आणि अंधेरीत राहिला, जवळजवळ शेवटपर्यंत. पक्षाशी त्याचं पुढे फाटलं, पैसा कधी नव्हताच. तिथे त्याने लिनोवर मुलांची मालिका कोरली, पन्नाशीच्या सुरुवातीला. राबणारी मुलं, फुटपाथवर झोपणारी मुलं. ‘एंजल्स विदाउट फेअरी टेल्स’ असं तिचं नाव, म्हणजे परीकथा न मिळालेले देवदूत.

ह्या लिनोकटांबद्दल आमचं मत थोडं वेगळं आहे, ते सांगतो. बरेच समीक्षक त्यांत करुणा पाहतात. आम्हाला त्यांत आधी कारागिरीचा हट्ट दिसतो. लिनो हा प्रकार मऊ. कोरणी सहज पळते, त्यामुळे नवशिका हात रेषा उगाच वाढवत जातो. शिवाय त्यात करडा रंग नाही. जे कोरलं ते पांढरं, जे ठेवलं ते काळं. दुःख दाखवायचं तर चित्रकाराला सावल्यांचा मोह होतो, धूसरपणा हवासा वाटतो, आणि धूसरपणा आला की पाहणाऱ्याला सुटका मिळते, डोळे ओलावतात, प्रकरण संपतं. चित्तप्रसादच्या मुलांना ती धूसर सावली मिळत नाही. काळ्या घट्ट आकारात ती बसलेली असतात आणि भोवतालची दुनिया मात्र नक्षीदार, सजलेली. ही नक्षी आपल्या लोककलेतून आलेली आहे. म्हणजे ज्या सजावटीने आपण लग्नाचं घर सजवतो, तीच इथे आरोपासारखी उभी राहते. केटे कोल्विट्झ ह्या जर्मन चित्रकर्तीने १९२३-२४ मध्ये उपाशी मुलांचं शिळाछाप पोस्टर केलं होतं, रिकाम्या वाट्या वर धरलेल्या मुलांचं. ते फार थोर चित्र आहे, पण ती मुलं आपल्याकडे मागतात. मागणाऱ्याला काहीतरी दिलं की माणूस मोकळा होतो. चित्तप्रसादची मुलं मागत नाहीत, ती आपल्या कामात असतात. आम्हाला ते जास्त जाचतं.

आता खटकणारी गोष्ट. हा संच पुस्तकरूपाने १९६९ मध्ये काढला तो डेन्मार्कच्या युनिसेफ समितीने. डेन्मार्कचे आभारच मानले पाहिजेत. पण अंधेरीच्या मुलांची चित्रं कोपनहेगनच्या टेबलावर पोचली, ती अंधेरीच्या कुठल्या भिंतीवर लागली? ह्यात चित्रकाराचा दोष काढायचा नाही. चित्र कुणाला पाहायला मिळतं आणि कुणाच्या भिंतीवर राहतं, हे दोन प्रश्न निराळे आहेत, आणि आम्ही मंडळी पहिलाच विचारून थांबतो. आमच्याही ते उशिरा ध्यानात आलं. कसं, ते सांगतो.

१९७३ चा उन्हाळा. बहात्तरचा दुष्काळ अजून अंगावर होता. खडी फोडायच्या कामावर गावंच्या गावं, सुकडी, तांबडी मिलो ज्वारी, हे इथे बसलेल्या आमच्या वयाच्या लोकांना सांगायला नको. बाबा आढावांची ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ तेव्हा सुरू झालेली. आम्ही विद्यार्थी होतो आणि भारावलेले होतो. आमच्यातला एक जण चित्रकलेच्या शाळेत शिकत होता. त्याने फरशीवर अंथरायच्या लिनोलियमचा तुकडा आणला आणि त्यावर विहीर कोरली. काठावर चार बायका पाणी शेंदताहेत, एकच रहाट, आणि खाली घोषणा. पहिला ठसा छापला तर अक्षरं उलटी! ठशात उलटं कोरावं लागतं हे तो ऐन वेळी विसरला होता. अक्षरांची पट्टी कापून दुसरी जोडली. शाई छापखान्यातून मागून आणलेली, दाब द्यायला लाटणं आणि डावाची पाठ. रात्रभरात पाऊणशे प्रती.

एका गावात आम्ही त्या रात्री लावायला गेलो. गावाचं नाव घेत नाही. चावडीवर लावली, शाळेवर लावली, आणि खळ उरली म्हणून महारवाड्याच्या तोंडाशी असलेल्या घराच्या भिंतीवरही एक लावली. तिथे कुणी हरकत घेणार नाही, असं आम्ही मनाशी धरलं. सकाळच्या पहिल्या यष्टीने परत. फार मोठं काही केल्याचा आनंद होता.

पंधरा दिवसांनी गेलो. चावडीवरचं चित्र फाडलेलं, शाळेवरचं फाडलेलं. त्या घराच्या भिंतीवर मात्र ते शेणाने सारवलेलं होतं. घरधनी ज्या बागाइतदाराकडे कामाला होता त्याने दुसऱ्याच दिवशी त्याला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. चावडीवरच्या चित्राचा जाब कुणाला विचारायचा हे गावाला ठाऊक नव्हतं. ह्या भिंतीला मालक होता.

घरातली बाई ओट्यावर बसली होती. ती रागावली नाही, तेच अवघड गेलं. म्हणाली, “भित आमची व्हती. इचारायचं तरी.” आम्ही काय बोलणार? खाली माना घालून उभे. मग तिने विचारलं, “दुसरं हाय का त्यातलं?” पिशवीत चार-दोन प्रती होत्या. एक दिली. तिने ती उजेडात धरून पाहिली आणि हसली. “समद्या डावऱ्याच बाया काढल्यात!” अक्षरं आम्ही सरळ केली होती, बायका तशाच राहिल्या होत्या. ते पाऊणशे प्रतींत आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. मग ती म्हणाली, “आतल्या अंगाला लावते.”

आतल्या अंगाला. आमच्या सगळ्या सौंदर्यशास्त्राला ह्या दोन शब्दांत उत्तर मिळालं असं आम्ही म्हणणार नाही, तेवढं नाटकी व्हायला नको. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. तिला चित्र हवं होतं, चित्रातलं म्हणणं मान्य होतं, तिला ते समजावून सांगायची गरज कधीच नव्हती. तिने फक्त जागा ठरवली. ती ठरवण्याचा अधिकार आम्ही तिच्याकडून परस्पर काढून घेतला होता, आणि ह्यालाच आम्ही लोकांची कला म्हणत होतो.

ह्या अनुभवानंतर आम्ही प्रदर्शनातल्या छापचित्रांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागलो, आणि गंमत म्हणजे त्यांच्याबद्दलचा आमचा तिरस्कार कमी झाला. सवि सावरकरांचं उदाहरण घ्या. आडनावावरून कुणी घोटाळा करू नये. हे नागपूरचे, जन्म १९६१ चा, दलित चित्रकार, बडोद्याला मुद्राचित्रण शिकलेले आणि पुढे दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिकवणारे. त्यांच्या अम्लरेखनांत, म्हणजे एचिंगमध्ये, गळ्यात मडकं आणि पाठीला झाडू बांधलेला माणूस पुन्हा पुन्हा येतो. पेशवाईतल्या पुण्याचा संदर्भ. हीच गोष्ट बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात मांडली होती, आणि पेशवाईतल्या छळाची साक्ष १८५५ मध्ये मुक्ता साळवेने दिली होती. ‘ज्ञानोदया’पासून इथवर ती एकच वाट आहे.

एचिंगमध्ये पत्र्यावर मेणाचा लेप देतात, लेपावर सुईने रेघ ओढतात आणि पत्रा तेजाबात बुडवतात. जिथे लेप गेला तिथे तेजाब धातू खातं. रेषा चित्रकाराच्या हाताने सुरू होते आणि तेजाबाने पुरी होते, तिचे काठ कुरतडलेले राहतात. सावरकरांच्या चित्रांत हा खरबरीतपणा सजावटीचा वाटत नाही. देखणेपणा जाणूनबुजून नाकारलेला आहे. काही वेळा तो नकार फार उघडा होतो, प्रतीकं एकावर एक रचली जातात, आणि तिथे आम्हाला चित्र कमी आणि भाषण जास्त वाटतं. हे आमचं मत. आमचं पोट भाषणांवर चाललं, तेव्हा भाषणाला नावं ठेवणं शोभत नाही, पण मत आहे.

पूर्वी आम्ही म्हणालो असतो की ही चित्रं दिल्लीच्या दालनात काय कामाची, ती वस्तीत हवीत. आता म्हणत नाही. झाडू बांधलेल्या माणसाचं चित्र वस्तीतल्या माणसाने का लावावं? त्याला ती गोष्ट नव्याने कळायची नाहीये. ते चित्र ज्यांच्या पूर्वजांनी झाडू बांधायला लावला त्यांच्यासमोर हवं, आणि ती मंडळी दालनात येतात. तिथली भिंत बरोबर आहे. तिथे चित्र लावून चित्रकार स्वतःच्या नावाने उभा राहतो, जाब त्यालाच विचारला जातो, दुसऱ्या कुणाची मजुरी बुडत नाही. दालनाबद्दल आमची तक्रार उरते ती एवढीच की तिथे प्रतीखाली शिसपेन्सिलने ‘३/१५’ असा आकडा घालतात. पंधरा छापायच्या आणि मग ठसा रद्द करायचा. भाव टिकावा म्हणून अनेकपण हाताने मारायचं. जे माध्यम सरकारला जाळून संपवता आलं नाही, ते बाजाराने पंधरावर आवरलं.

मग वस्तीतल्या भिंतीवर काय लागलं? तिथे बाबासाहेब लागले. निळा कोट, हातात पुस्तक, जत्रेत आणि जयंतीत विकत घेतलेली साधी ऑफसेटची छपाई. कलासमीक्षकांनी ह्या चित्रांकडे कॅलेंडर म्हणून पाहिलं, म्हणजे पाहिलंच नाही. हारही पडतो त्या चित्राला, उदबत्तीही लागते. बेन्यामिनला हा पुन्हा पूजाविधीच वाटला असता. पण जिथे रामाची तसबीर होती तिथे ती उतरवून हे चित्र लावणं, ही घरातल्या माणसांनी स्वतः, स्वतःच्या भिंतीवर, परिणाम ठाऊक असताना केलेली गोष्ट आहे. आम्हाला ठाऊक असलेल्या कुठल्याही पोस्टरपेक्षा ती मोठी टीका आहे, चित्र म्हणून ते कितीही साधं असो.

परिणाम ठाऊक असताना, असं म्हणालो ते जुन्या काळाबद्दल नाही. सोनई, खर्डा ही गावं २०१३ आणि २०१४ मध्ये कशामुळे देशभर गेली ते तुम्हाला माहीत आहे. २०१५ मध्ये शिर्डीत मोबाइलवरच्या बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून वाद होऊन एका तरुणाचा खून झाल्याच्या बातम्या आल्या. फोन ही आता प्रत्येकाची लहानशी भिंत आहे. आमचे तरुण मित्र सुंदर लिनोकट करतात, त्यांचे फोटो काढून पाठवतात, खाली लिहितात ‘सर्वांनी स्टेटसला ठेवा’. आम्ही त्यांना एवढंच विचारतो की पुण्यात बसलेल्या तुमच्या स्टेटसची आणि पाथर्डीच्या एखाद्या वाडीवरच्या पोराच्या स्टेटसची किंमत सारखी पडते का? काही जण रागावतात. म्हणतात, सर, तुम्ही भीती पसरवता. असेलही. पण ‘ठेवा’ आणि ‘ठेवाल का?’ ह्यांत फरक आहे, आणि तो आम्हाला एका ओट्यावर शिकवला गेला.

तो ठसा अजून आमच्याकडे आहे. अक्षरांची पट्टी निखळली आहे, लिनो वाळून कडक झालंय, हात लावला की कडेचा भुगा पडतो. कोरणारा मित्र आता नाही. गेल्या थंडीत एका प्रदर्शनाच्या मंडळींनी तो मागितला. चळवळींच्या छापचित्रांचं प्रदर्शन, जपून छापू म्हणाले, पंचवीस प्रती, आकडे घालून, मित्राच्या वतीने सही आम्ही करायची. घरी म्हणतात, देऊन टाका, नाहीतर वाळवी खाईल. आम्ही त्यांना कळवलं की पंचवीसच्या जागी छापता येतील तेवढ्या छापा, आकडा घालू नका, आणि पहिली प्रत आम्हाला द्या. ती आधी त्या गावी न्यायची आहे. बाई राहिल्या नाहीत, पण त्यांच्या सुनेला विचारायचं आहे की चालेल का. प्रदर्शनवाल्यांचं उत्तर अजून यायचंय.

बराच वेळ घेतला. प्रश्न असतील तर घेऊ या, पलीकडून ऐकणाऱ्यांनीही लिहून पाठवावेत.